पायडँटिक वापरताय? मग एक्स्ट्रा फॉरबिड आधी लावा

गेली दोनेक वर्षं रोज पायडँटिक (आलेला डेटा आपण ठरवलेल्या साच्यात, म्हणजे मॉडेलमधे, बसतो का ते तपासणारी पायथॉनची लायब्ररी) वापरतोय आणि ती आवडतेच, पण तिची एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदला असं मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आमच्याकडे बिलाचे एसएमएस पाठवणारा जॉब होता. यामल फाईलमधून सेटिंग वाचायच्या, डिक्शनरी दोन स्टार लावून मॉडेलला द्यायची की झाला ऑब्जेक्ट तयार. रिट्राय (फेल झालं की परत पाठवणं) नकोच म्हणून मी फाईलमधे ० लिहिलं, पण मॅक्स रिट्राइजच्या जागी टाईप झालं मॅक्स रिटायर्स, आर आणि आयची नुसती अदलाबदल. एरर नाही, वॉर्निंग नाही, ऑब्जेक्ट गुमान तयार आणि आत डीफॉल्टचे ३. संध्याकाळी एसएमएस पुढे पाठवणारा गेटवे स्लो झाला, उत्तर यायच्या आत टाइमआउट, मग परत, मग परत, एकेकाला तेच बिल चार चार वेळा गेलं आणि सपोर्टवाल्यांचे फोन सुरू. ती ओळ आम्ही तिघांनी वाचली हो, तिघांनाही दिसली नाही!

होतं असं की बेसमॉडेल (पायडँटिकचा मूळ क्लास, ज्यातून आपली मॉडेल्स काढतो) अनोळखी फील्ड सरळ सोडून देतं. फील्ड कंपल्सरी असतं तर निदान ते मिळालं नाही म्हणून ओरडलं असतं, डीफॉल्ट दिलेला असला की तेही नाही. पायथॉनच्या स्वतःच्या साध्या डेटाक्लासने तिथल्या तिथे टाइपएरर दिला असता, पायथॉन ३.१३ पासून तर जवळचं बरोबर नावही सुचवतात.

उपाय एका ओळीचा, मॉडेल कॉन्फिगमधे एक्स्ट्राला फॉरबिड द्या, म्हणजे अनोळखी फील्ड आलं की एरर (हे व्हर्जन २ चं, जे २०२३ मधे आलं). पण ते आतल्या नेस्टेड मॉडेलला आपोआप लागत नाही, म्हणून आम्ही स्वतःचा एक बेस क्लास केला आणि सगळी मॉडेल्स त्यातूनच काढतो. लावल्यावर पहिल्याच रनला त्याच फाईलमधे टाइमआउटचं स्पेलिंगही चुकलेलं निघालं. मॉडेल कन्स्ट्रक्ट ही मेथड आणि मॉडेल कॉपी या मेथडचं अपडेट यांपासून मात्र जपून, तिथे व्हॅलिडेशनच होत नाही. बेससेटिंग्जला (सेटिंग वाचायला पायडँटिकच्याच सेटिंग्ज पॅकेजमधला तयार क्लास) फॉरबिड आधीपासूनच असतं, डॉट ईएनव्ही फाईलमधली जास्तीची ओळ पकडतं, पण सिस्टिमच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं नाव चुकलं तर काही कळत नाही.

दुसऱ्यांच्या एपीआयचा रिस्पॉन्स वाचताना मात्र लावू नका, त्यांनी एक फील्ड वाढवलं की तुमचा कोड बंद पडेल.

माझ्याकडून ५ पैकी ४.५. अर्धा यासाठी कापला की एररमधे चुकलेलं नाव दिसतं, बरोबर कुठलं ते आपणच शोधायचं.