एनसीपीएमधली सिंफनी की षण्मुखानंदमधला ऑर्केस्ट्रा?

मुंबईत एकाच संध्याकाळची सवड आहे. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची पाश्चात्त्य शास्त्रीय रचना ऐकायची, की किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा? सिंफनी प्रत्यक्ष कधीच ऐकली नसेल, तर माझं मत एनसीपीएला.

कारण एकच, तिथे माइक नसतो. एनसीपीएचा स्वतःचा वाद्यवृंद, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ साली सुरू झाला. त्याचे मुख्य हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये असतात. व्हायोलिनचा अख्खा ताफा एकाच वेळी अगदी हळू वाजवतो, तेव्हा तो आवाज लाकडातून आणि तारांतून सरळ आपल्यापर्यंत येतो. घरच्या कुठल्याही स्पीकरवर हे ऐकायला मिळत नाही. साधारण अकराशे आसनांचं सभागृह त्या क्षणी श्वास रोखून बसतं. मला तरी ही शांतता संगीताइतकीच मोलाची वाटते.

षण्मुखानंदचा मामला वेगळा. पावणेतीन हजारांच्या आसपास आसनं, वर दोन बाल्कन्या, आणि सगळा आवाज ध्वनिक्षेपकांतून. पण निवेदकाचे किस्से, वन्स मोअर, शेजारच्या काकांनी धरलेला ठेका ही मजा एनसीपीएत मिळणार नाही. तिथे गुणगुणलात तर लोक वळून बघतील, आणि त्यांचं बरोबरच आहे.

तिकीट काढताना दोन्हीकडे हिशेब निराळा. सिंफनीला पहिल्या रांगांचा हट्ट नको. तिथे समोरची व्हायोलिनं कानावर येतात आणि मागचे फुंकवाद्यांचे वादक दिसतही नाहीत. बाल्कनीत आवाज एकजीव होऊन पोचतो, वाद्यमेळ्याची मांडणी दिसते आणि तिकीटही बहुधा स्वस्त असतं. गाण्यांच्या ऑर्केस्ट्राला मात्र ध्वनिसंयोजक जिथे मिक्सर मांडून बसतो त्याच्या आसपासची खुर्ची शोधा. तो स्वतःच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरच आवाज जुळवतो. कडेच्या खुर्च्यांवर एकाच बाजूचा स्पीकर आदळत राहतो.

सिंफनीला उशीर परवडत नाही. रचना सुरू झाली की पुढच्या थांब्यापर्यंत बाहेरच उभं राहावं लागतं, म्हणून चर्चगेटहून पुढे जायला वेळ हाताशी ठेवा. सिंफनीचे बहुधा चार भाग असतात आणि मधल्या थांब्यांवर टाळ्या वाजवत नाहीत. समोर उभं राहून वाद्यवृंद चालवणाऱ्या संचालकाने (कंडक्टरने) हात खाली घेऊन वळेपर्यंत थांबलं की झालं.

‘आपल्याला त्यातलं काय कळणार?’ ही भीती सोडा. आपण वाढलो त्या हिंदी गाण्यांतले व्हायोलिनचे ताफे बऱ्याच अंशी गोव्याच्या वादकांनी वाजवले. त्यांतले अँथनी गोन्साल्विस हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू, आणि १९५८ साली त्यांनीच मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. म्हणजे कान आपला तयारच आहे.

सोबत लहान मूल असेल किंवा आई-बाबांना त्यांच्या काळची गाणी मनसोक्त गायची असतील, तर मात्र सरळ षण्मुखानंद गाठा. किंग्ज सर्कल स्टेशन जवळच आहे, माटुंगा आणि सायनही फार लांब नाहीत. एनसीपीएला मूल न्यायचंच असेल, तर तिकिटावरची वयाची अट आधी वाचा.