एमजीबीला उघडे एअर फिल्टर लावून अकरा महिने: आवाजावर खूश, धुळीवर नापास

गेल्या ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर, मी माझ्या १९६६च्या एमजीबीचे (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) एअर फिल्टरचे पत्र्याचे दोन्ही डबे काढले आणि बाहेरून मागवलेले उघडे फिल्टर बसवले. तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचे, गोल, वर क्रोमची टोपी. या सप्टेंबरात ते उतरवले. मधल्या काळात गाडी चारेक हजार किलोमीटर फिरली: फोंडा, म्हापसा, डिचोली आणि दोनदा चोर्ला घाट.

डबे का काढले? सांगायचं कारण असं की खाऱ्या हवेने पत्रा गंजला होता आणि एकाची नळी मुळाशी चिरली होती. खरं कारण आवाज. १७९८ सीसीचं इंजिन, हवेत पेट्रोल मिसळणारे दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर, आणि तो श्वास डब्यात कोंडलेला. बॉनेट उघडल्यावर चमकणारं काही दिसावं ही हौसही होतीच.

काम अर्ध्या तासाचं. प्रत्येक डब्याला दोन लांब बोल्ट. डोक्यावर १३चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण अर्ध्या इंचाचाच घ्या. १३चा पाना कोपरे खातो. मागच्या डब्याचा खालचा बोल्ट दिसत नाही, नुसता हाताला लागतो.

पहिली चूक तिथेच झाली, आणि ती माझीच. कार्बोरेटरच्या तोंडावर बोल्टच्या भोकांशिवाय दोन बारीक भोकं असतात. त्यांतून कार्बोरेटरच्या आतल्या पिस्टनच्या (इंजिनचा पिस्टन वेगळा) खालच्या बाजूला हवा जाते, म्हणून इंजिनने वरून ओढ घेतली की पिस्टन मोकळेपणाने उचलला जातो. मी गॅस्केट उलटं बसवलं आणि मागच्या कार्बची ती भोकं बंद झाली. पॅडल दाबलं की गाडी आधी विचार करायची, मग निघायची, आणि मागे काळा धूर. आठवडाभर मी प्लग आणि पॉइंट यांना शिव्या घातल्या. शेवटी म्हापशाच्या आमच्या मेकॅनिक अंकलनी (वय सत्तरीपार, गाडीला हात लावायच्या आधी पाच मिनिटं नुसतं ऐकतात) फिल्टर उतरवून गॅस्केट माझ्या तळहातावर ठेवलं. त्या क्रोमच्या टोपीकडे बघून म्हणाले, "पुता, हें फकत पळोवपाक बरें." (पोरा, हे नुसतं बघायला बरं.) मी हसण्यावारी नेलं.

गॅस्केट सरळ झाल्यावर मात्र मजा आली. तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांच्या वर तो घोगरा, ओढून घेतलेला आवाज! घाटात मी विनाकारण गिअर खाली टाकत होतो. ताकद वाढली का? मला तरी जाणवली नाही. उलट मूळ डब्याच्या मागच्या पत्र्याला आतून सुरेख गोलाई आहे, हवा त्या कडेवरून वळून आत जाते. नव्या फिल्टरची मागची पट्टी सपाट आणि भोकाची कड धारदार. कारखान्यातल्या माणसाने विचार केला होता, विकणाऱ्याने केला नव्हता.

दोन आठवड्यांत प्लग पांढरट निघाले, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ई२० पेट्रोलने (वीस टक्के इथेनॉलवाल्या) ते आधीच लीनकडे झुकतं, त्यात ही भर. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचा षटकोनी नट दोन्ही कार्बना दोन-दोन बाजू खाली फिरवला, म्हणजे पेट्रोल वाढवलं. कार्बचा पिस्टन उचलायची पिन असते, ती अगदी जराशी उचलून बघायचं: इंजिन किंचित वाढून लगेच जागेवर आलं तर ठीक, वाढून तसंच राहिलं तर रिच (पेट्रोल जास्त), बसायला लागलं तर लीन.

आता धूळ. गोव्यात या गाडीचा निकाल तिथेच लागतो. आपल्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, शिवाय बारीक गारगोटीचे कण. इंजिनच्या पिस्टन रिंगला हा पॉलिश पेपरच. फेब्रुवारीत मी फिल्टरच्या आतल्या बाजूला, कार्बच्या गळ्यात, ग्रीसचा पातळ हात दिला आणि नेहमीसारखी गाडी वापरली: उसगाव-साखळी भागात खाणीच्या ट्रकांमागून, आणि पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चाललेलं असताना त्या गर्दीतून. पाचशे किलोमीटरनंतर पुढच्या कार्बमध्ये बोट फिरवलं तर कुंकवाचं बोट. मागच्यात कमी, पण होतंच. फिल्टर धुतले, वाळवले, बेताने तेल दिलं, कड नीट बसते का पाहिलं आणि पुन्हा चाचणी घेतली. धूळ निम्म्यावर आली, थांबली नाही.

मे महिन्यात दुसरी कटकट. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणारे पाइप) एकाच बाजूला, एकावर एक. उघडा फिल्टर तिथलीच तापलेली हवा ओढतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दहा मिनिटं अडकलं की आयडलिंग डुगडुगायचं. जून-जुलैत गाडी फारशी काढलीच नाही, त्यामुळे पावसाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तिचं छप्पर बघता कोणी काढणारही नाही.

सप्टेंबरात डबे घासले, प्रायमर मारला, चिरलेली नळी फोंड्यात ब्रेझिंग करून घेतली आणि आत नवे कागदी फिल्टर घातले. या गाडीला ते १२,००० मैलांनी, म्हणजे सुमारे १९,००० किलोमीटरनी बदलायचे असतात. मी त्याच्या निम्म्यावर बदलणार. जेटचे नट पुन्हा एक-एक बाजू वर घेतले. ग्रीसची चाचणी परत केली: पाचशे किलोमीटरनंतर बोट स्वच्छ.

आवाज गेला, हे मान्य. घाटात चुकल्यासारखं होतं.

ज्यांची गाडी दर रविवारी डांबरी रस्त्याने मिरामारपर्यंत जाऊन परत येते, त्यांनी उघडे फिल्टर खुशाल लावावेत. दर हजार किलोमीटरला धुवायची तयारी मात्र हवी, आणि गॅस्केट दोनदा तपासा. माझे दोन्ही फिल्टर धुऊन खोक्यात ठेवलेत. क्रोमच्या टोपीवर एक चरा आहे, तो माझ्याच पान्याचा.