ब्रेव्हर एंजल्सची ‘रेड-ब्लू’ कार्यशाळा: निधी देणाऱ्यांनी पैसे कुठे घालावेत?

अमेरिकेतली राजकीय दुफळी सांधायला निघालेल्या उपक्रमांपैकी ब्रेव्हर एंजल्स या संस्थेची ‘रेड-ब्लू’ कार्यशाळा बऱ्यापैकी पारखली गेलेली आहे. रेड म्हणजे रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले, ब्लू म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाकडे. डिसेंबर 2016 मध्ये ओहायोतल्या साउथ लेबनन इथे 10 ट्रम्प-समर्थक आणि 11 क्लिंटन-समर्थक एकत्र बसले, तिथून ती सुरू झाली. आखणी बिल डोहर्टी यांची. ते कौटुंबिक समुपदेशक, आणि ते पावलोपावली जाणवतं: मतं बदलायची नाहीत, आधी एकमेकांचं नीट ऐकायला शिकायचं, हा सगळा घाट भांडणाऱ्या जोडप्याला बोलतं करण्याचाच आहे.

पहिला भाग समजुतींचा. रेड आणि ब्लू वेगवेगळ्या खोल्यांत जातात. समोरचे आपल्याविषयी काय चुकीचं समजतात, त्यातले चार-पाच मुद्दे कागदावर मांडायचे. ‘आम्ही वंशद्वेष्टे’, ‘आम्हाला देशाचं काही नाही’, अशा धर्तीचे. प्रत्येक मुद्द्यापुढे वस्तुस्थिती काय ते लिहायचं, आणि मग तिसरा रकाना: या आरोपात तथ्याचा कण कोणता? सगळी कार्यशाळा या तिसऱ्या रकान्यावर तोललेली आहे. स्वतःच्या बाजूची खोट स्वतःच्या तोंडाने, समोरच्यांच्या देखत वाचली गेली की पुढचं बोलणं हलकं होतं. वेळ कमी पडला की संयोजक नेमका हाच रकाना उरकतो, आणि मग उरतं ते ‘आम्ही असे नाहीच’ हे पाठांतर.

दुसऱ्या भागात एक गट आतल्या वर्तुळात बोलतो, दुसरा बाहेरच्या वर्तुळात बसून फक्त ऐकतो. आतल्यांना प्रश्न दोनच. तुमच्या बाजूची मूल्यं आणि धोरणं देशाच्या भल्याची कशी? आणि तुमच्याच बाजूबद्दल तुम्हाला काय खटकतं? नंतर गट जागा बदलतात. दुसऱ्या प्रश्नाला लोक हमखास बगल देतात: आपल्या पक्षाच्या एखाद्या नेत्याला नावं ठेवून मोकळे होतात, धोरणाला हात लावत नाहीत. मुरलेला संयोजक तिथे अडवतो, नवखा मान डोलावतो. म्हणून संयोजक घडवण्यावरचा खर्च ‘वरखर्च’ म्हणून कापणं हा निधी देणाऱ्यांचा सर्वांत महागडा काटकसरीपणा आहे.

परिणामाचं काय? महाविद्यालयांत झालेल्या नियंत्रित चाचणीत या कार्यशाळेने दोन्ही बाजूंची कटुता कमी केली, पण काही परिणाम काळानुसार ओसरले. शिवाय 2024 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात 25 वेगवेगळ्या उपायांची 32,059 लोकांवरची मोठी चाचणी छापून आली (ते सगळे ऑनलाइन दाखवायचे छोटे उपाय, ही कार्यशाळा त्यात नव्हती). बहुतेक उपायांनी विरोधी पक्षाच्या लोकांबद्दलचा तिटकारा घटला. लोकशाहीविरोधी वागण्याला असलेला पाठिंबा मात्र मोजक्याच उपायांनी घटला. तेव्हा विश्वस्तांपुढच्या टिपणात ‘लोकशाही वाचवणारा प्रकल्प’ असं लिहू नये. शेजाऱ्याशी बोलणं सुरू होतं, तेवढंच लिहावं. तेही कमी नाही.

खरी अडचण भरतीची. अशा उपक्रमांना ब्लू मंडळी उत्साहाने येतात, रेड मंडळींना हा आपल्याला ‘सुधारायचा’ डाव वाटतो. नऊ विरुद्ध तीन अशी खोली भरली की ते तिघे संग्रहालयातले नमुने होऊन बसतात. संस्थेने यावर नेतृत्वात रेड आणि ब्लू निम्मेनिम्मे ठेवण्याचा नियम केलाय, तो उत्तम. पण देणगीदाराची स्वतःची ओळख एकाच रंगाची असेल तर नियम कितीही चांगला असो, आमंत्रण वाचतानाच लोक नाव बघतात. उपाय एकच: उलट्या विचाराचा दुसरा देणगीदार शोधायचा, दोन्ही नावं एकत्र छापायची, आणि आमंत्रण चर्च, माजी सैनिकांच्या संघटना, शेतकरी संघ यांच्यातल्या ओळखीच्या माणसाकरवी पाठवायचं. त्या माणसाच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात धरायचे.

अनुदान देताना ‘वर्षाला इतक्या कार्यशाळा’ ही अट घालू नका. आकडा गाठायला संस्था आधीच पटलेल्या लोकांनाच पुन्हापुन्हा बसवते. त्याऐवजी तीन गोष्टी मागा: आमंत्रितांपैकी कमी येणाऱ्या बाजूचे किती आले, आधी, लगेच नंतर आणि सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली, आणि कार्यशाळेनंतर दोन्ही गटांनी मिळून हाती घेतलेलं एखादं ठोस काम. शेवटचं का, तर मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच मांडलं होतं की नुसत्या भेटीने पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थांचं पाठबळ लागतं. पहिली अट ही कार्यशाळा चोख पाळते. उद्दिष्ट आणि सहकार्य मात्र खोलीबाहेर घडायचं असतं, आणि तिथवर एका वर्षाचं अनुदान पोचत नाही.

मुदतीचा अंदाज हवा असेल तर उत्तर आयर्लंडकडे बघा. ब्रिटिश आणि आयरिश सरकारांनी 1986 मध्ये इंटरनॅशनल फंड फॉर आयर्लंड उभारला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांना वेगळं ठेवणाऱ्या भिंती उतरवण्याच्या दिशेने रहिवाशांसोबत काम करणारा त्याचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला 2012 मध्ये. मधली 26 वर्षं मोजून घ्या.

ही कार्यशाळा कुणासाठी नाही, तेही सांगायला हवं. जिथे एका गटाला दुसऱ्याकडून नुकतीच मारहाण झाली आहे किंवा एकाची नोकरी दुसऱ्याच्या हातात आहे, तिथे ‘तुमच्यावरच्या आरोपात तथ्य किती’ असं दुबळ्या बाजूला विचारणं क्रूर ठरतं. तिथे हाच निधी आधी कायदेशीर मदतीला द्यावा.