फ्रीस्टाइल लिब्रे: सेन्सरइतकीच वहीही लागते

मधुमेहींची साखर सतत मोजणारा, दहाच्या नाण्याहून जरा मोठा हा सेन्सर दंडाच्या मागे बसतो, तासाभराने आकडे दाखवायला लागतो आणि १४ दिवस चालतो. लावायला सोपा, पण ठाण्याच्या दमट हवेत घाई नडते. कातडीवर तेल, पावडर किंवा घाम राहिला की कडा उचलली जाते. स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावं. वरून टेप लावलीच तर मधलं बारीक भोक झाकू नये. लोकलवाल्यांनी बॅगेचा पट्टा ज्या बाजूला नसतो तो दंड निवडावा. गर्दीत उपटून निघालेला सेन्सर पुन्हा बसत नाही.

फोन टेकवून स्कॅन करायच्या साध्या मॉडेलमध्ये आठच तासांची नोंद साठते. रात्री १० नंतर थेट सकाळी ७ ला स्कॅन केलं, तर १० ते ११ चा तास कायमचा गेला.

आकडा रक्तातला नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातला असतो. त्यामुळे जेवल्यावर किंवा भरभर चालल्यावर तो काही मिनिटं मागे असतो आणि ग्लुकोमीटरशी जुळत नाही. त्याच कुशीवर झोपलं की सेन्सर दाबून साखर खोटी कमी दिसते. पहाटे ५८ दिसलं पण घाम, थरथर काहीच नाही, तर लगेच बोट टोचून खात्री करावी. रोज ५०० मिलिग्रॅमहून जास्त व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांना उलटं, खोटी जास्त दिसू शकते.

पैसे वसूल होतात ते १४ दिवस एकावर एक रचलेल्या आलेखात. एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, दोघांची ७ असेल, पण एकाची साखर दिवसभर सपाट आणि दुसऱ्याची रात्री ६० व नाश्त्यानंतर २४० असू शकते. साधारण अपेक्षा अशी: ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. थकलेल्या वयस्करांना पहिली अट ५० टक्क्यांवर येते, दुसरी मात्र १ टक्क्यावर. साखर उतरून त्यांचं पडणं जास्त महागात पडतं.

पण सकाळी १० चा उंचवटा पावाचा की चुकलेल्या गोळीचा, हे आलेख सांगत नाही. ‘८:०० गोळी, ८:४० मिसळ, दोन पाव’ एवढी ओळ वहीत असली तर डॉक्टर पाव कमी करायला सांगतील. नसली तर कदाचित गोळीच वाढेल.

एमआरआय ठरलेला असेल तर तो उरकूनच नवा सेन्सर लावावा. मशीनमध्ये जाण्याआधी तो काढावा लागू शकतो.