चेल्टनहॅमची ‘पक्की टीप’ आणि आधी मागितला जाणारा टॅक्स

मार्चमध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरशरला घोड्यांच्या शर्यतींचा चेल्टनहॅम फेस्टिव्हल भरतो. मंगळवार ते शुक्रवार, रोज सात म्हणजे एकूण 28 रेसेस, आणि शुक्रवारी गोल्ड कप ही सर्वांत मानाची शर्यत. या चार दिवसांत लुबाडणूक होते ती फोनवरही. ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या आपल्या लोकांनी हे नीट समजून घ्यावं.

सुरुवात फुकट टीपने होते. मंगळवारी अनोळखी नंबरवरून एका घोड्याचं नाव येतं आणि तो घोडा जिंकतो. बुधवारी पुन्हा तेच, गुरुवारीही तेच. मग निरोप येतो: गोल्ड कपची आतली बातमी आहे, 500 पौंड भरा. आता यामागचं गणित बघा. मंगळवारी 1,000 जणांना मेसेज जातो, पण 200-200 च्या पाच गटांना वेगवेगळे घोडे सांगितलेले असतात. त्यातला एक जिंकला की बाकीच्या 800 जणांना विसरायचं. उरलेल्या 200 चे पुन्हा पाच गट केले की बुधवारी 40 उरतात, गुरुवारी 8. त्या आठ जणांनी सलग तीन अचूक टिपा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या असतात, त्यामुळे ते डोळे झाकून पैसे भरतात. टेलिग्राम चॅनलवर तर एवढीही मेहनत लागत नाही. हरलेल्या टिपा डिलीट केल्या की झालं.

काही टिपस्टर, म्हणजे टिपा देणारे, पैसे मागत नाहीत, फक्त ‘या लिंकवरून अकाउंट उघडा’ म्हणतात. तुम्ही जेवढे हराल, त्यातला हिस्सा त्यांना मिळण्याची सोय त्या लिंकमध्ये असू शकते. तुमच्या हरण्यावर कमावणाऱ्याची टीप घ्यायची कशाला?

खरा घात बनावट साइटवर होतो. 200 पौंड भरले की स्क्रीनवर बॅलन्स फुगत जातो. विश्वास बसावा म्हणून पहिले 30-40 पौंड परतही मिळतात. मोठी रक्कम काढायला गेलात की ‘आधी 20 टक्के टॅक्स भरा’ असं सांगतात. तो भरला की व्हेरिफिकेशन फी, मग आणखी काहीतरी. ब्रिटनमध्ये पैज लावणाऱ्याला जिंकलेल्या रकमेवर टॅक्स नाही; पैजेवरचा करही 2001 मध्येच गेला. परवानाधारक बुकी नाव, पत्ता आणि जन्मतारीख पैज लावू देण्याआधी तपासतो, पैसे काढताना त्यासाठी फी मागत नाही. एप्रिल 2020 पासून तिथे क्रेडिट कार्डवर जुगार बंद आहे, त्यामुळे जी साइट क्रेडिट कार्ड घेते तिच्यापासून लांब राहा.

साइटच्या तळाशी लायसन्स नंबर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो खऱ्या कंपनीकडून उचललेला असू शकतो. जुगाराचे परवाने देणाऱ्या ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनच्या पब्लिक रजिस्टरमध्ये तो नंबर टाका आणि तिथे दिलेली डोमेन नावं तुमच्या ब्राउझरमधल्या पत्त्याशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. फसवायला एखादा जास्तीचा हायफनही पुरतो.

कधी कधी फसवणूक नसतानाही फसल्यासारखं वाटतं. कित्येक आठवडे आधी लावलेल्या अँटी-पोस्ट पैजेतला घोडा धावलाच नाही तर पैसे बुडतात. ‘नॉन रनर नो बेट’ लिहिलेलं असेल तरच परत मिळतात.

पैसे गेलेच तर त्याच तासात बँकेला कळवा. ब्रिटनमधल्या बऱ्याच बँका 159 या फोन नंबरवर मिळतात. 7 ऑक्टोबर 2024 पासून अशा फसव्या ट्रान्सफरची भरपाई 85,000 पौंडांपर्यंत मागता येते, पण पैसे ब्रिटनमधल्याच दुसऱ्याच्या खात्यात गेले असतील तरच. क्रिप्टो किंवा परदेशी ट्रान्सफरला हा नियम लागू नाही. भारतातल्या खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. चॅट, खाते क्रमांक आणि साइटचा पत्ता यांचे स्क्रीनशॉट आधी घेऊन ठेवा, कारण तक्रारीचा वास आला की ग्रुप गायब होतो. पुढे काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फक्त फी आगाऊ द्या’ असा फोन आला तर तो बहुधा फसलेल्यांच्या यादीवरून आलेला असतो. त्याला एक पौंडही देऊ नका.