नमपायचं ‘आउट=’ काही महिने वापरल्यावर: मेमरी वाचते, डोकं मात्र फिरतं

नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी. तिच्या फंक्शनला ‘आउट=’ दिलं की उत्तर नव्या ॲरेऐवजी तुम्ही दिलेल्या ॲरेत लिहिलं जातं. फ्लोट६४ची (दर आकड्याला ८ बाइट) ४००० बाय ४००० मॅट्रिक्स म्हणजे १२८ एमबी. लूपमध्ये ‘सी = ए @ बी + डी’ लिहिलं की गुणाकाराला एक नवी मॅट्रिक्स लागते आणि बेरजेला दुसरी. जुनी सी तोवर जिवंतच, कारण नाव नव्या ॲरेवर जातं ते सगळा हिशेब उरकल्यावर. लिनक्सवर आवृत्ती १.१३पासून नमपाय तात्पुरत्या ॲरेची जागा कधीकधी पुन्हा वापरतं, पण त्या भरवशावर कोड लिहू नये. मेमरी संपून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) प्रोसेस मारली की ‘रॅम वाढवा’ हा फुकटचा सल्ला मिळतोच. त्याआधी हे करून बघा.

लूपच्या बाहेर एकदाच एनपी.एम्प्टीने (एनपी म्हणजे नमपाय) सी हा बफर, म्हणजे उत्तरासाठीचा राखीव ॲरे, घ्यायचा. आत एनपी.मॅटमल(ए, बी, आउट=सी), मग एनपी.ॲड(सी, डी, आउट=सी). झालं. ‘सी += ए @ बी’ला मात्र काटकसर समजू नका: बेरीज जागच्या जागी होते, पण गुणाकाराचे १२८ एमबी दर फेरीला लागतातच.

वेगाबद्दलचं मत वापरता वापरता बदललं. मोठ्या गुणाकारात आउटने वेळ वाचेल ही आशा सोडा. ४०००च्या मॅट्रिक्सला सुमारे १२८ अब्ज क्रिया लागतात, त्यापुढे एक ॲलोकेशन म्हणजे किरकोळ. खरा फायदा घटकवार बेरीज-गुणाकारांच्या साखळीत दिसतो. एवढा मोठा ॲरे दरवेळी ऑपरेटिंग सिस्टीमकडून नव्याने येतो आणि सुटला की परत जातो. पहिल्यांदा हात लागताच मेमरीच्या ४ केबीच्या एकेका पानासाठी पेज फॉल्ट (पान जागेवर नाही म्हणून कर्नलकडे धाव), वर कर्नल ते पान शून्यांनी भरणार. १२८ एमबीला अशी ३१,२५० पानं. ह्यूज पेजेस (बरीच मोठी पानं) मिळाली तर फॉल्ट घटतात, शून्यं भरणं टळत नाही. बफर तोच ठेवला की हा सगळा खर्च एकदाच.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे: गुपचूप कॉपी. मॅटमलला आउट=ए दिलं, म्हणजे इनपुटमध्येच उत्तर मागितलं, तर उत्तर बरोबर येतं, पण आत तात्पुरती कॉपी होते. ए फ्लोट३२ आणि बी फ्लोट६४ असेल, तर गुणाकाराआधी अख्खी ए फ्लोट६४मध्ये कॉपी होते. वॉर्निंग नाही, काही नाही.

सायपाय या नमपायच्या जोडीच्या लायब्ररीचं डीजेम हे मॅट्रिक्स-गुणाकाराचं फंक्शन यात सगळ्यांवर कडी करतं. बीटा=१ (जुन्या सीचा गुणक) आणि ओव्हरराइट_सी=१ दिलं की सी + एबी थेट सीमध्ये, मधली मॅट्रिक्स नको. कागदावर उत्तम. पण फोरट्रानच्या सवयीने त्याला स्तंभक्रम (मेमरीत स्तंभामागून स्तंभ) लागतो आणि नमपायचा नेहमीचा ॲरे ओळक्रमात (ओळीमागून ओळ) असतो. मग ते सीची कॉपी काढतं, उत्तर कॉपीत लिहून परत देतं आणि तुमची सी होती तशीच राहते! ‘ओव्हरराइट’ ही निव्वळ परवानगी आहे, हुकूम नव्हे. परतीची व्हॅल्यू न घेता पुढे गेलात तर चुकीचे आकडे निमूट पुढे सरकतात.

उपाय ट्रान्सपोजचा (.टी, म्हणजे ओळी आणि स्तंभांची अदलाबदल): डीजेम(१.०, बी.टी, ए.टी, बीटा=१.०, सी=सी.टी, ओव्हरराइट_सी=१). एबीचा ट्रान्सपोज म्हणजे बी.टी गुणिले ए.टी, आणि सलग ओळक्रम ॲरेचा .टी हा आयता स्तंभक्रम व्ह्यू (त्याच मेमरीकडे बघणारा ॲरे), त्यामुळे एकही कॉपी नाही. तीनही ॲरे फ्लोट६४ आणि सलग हवेत. कापलेला तुकडा दिला की पुन्हा तेच रडगाणं. खात्रीसाठी परत आलेला ॲरे आणि सी एनपी.शेअर्स_मेमरीला (दोघांची मेमरी एकच आहे का ते सांगणारं फंक्शन) द्या. उत्तर फॉल्स आलं की समजा, कॉपी झाली. मधल्या कॉप्यांसाठी ट्रेसमॅलॉक या पायथनच्या मेमरी मोजणाऱ्या साधनातला पीक, म्हणजे कमाल वापर, बघा; नमपायच्या ॲरेंची ॲलोकेशन्स त्यात धरली जातात.

एनपी.टेकलाही (इंडेक्सप्रमाणे घटक उचलणारं फंक्शन) आउट मिळतं, पण मोड डिफॉल्ट ‘रेझ’ (चुकीच्या इंडेक्सला एरर) असेल तर ते आधी स्वतःच्या तात्पुरत्या बफरमध्येच लिहितं, थेट तुमच्या ॲरेत नाही. इंडेक्स मर्यादेत असल्याची खात्री असेल तर मोड=‘क्लिप’ द्या. खात्री नसताना देऊ नका: हद्दीबाहेरचा इंडेक्स मग एरर न देता काठावरच्या घटकावर जाऊन बसतो.