संसर्गाच्या ओसीडीवर ईआरपी थेरपी: घरच्यांना पटलेलं नसतानाही घ्यावी का?

घ्यावी, आणि हा आजार आहे हे घरच्यांना पटेपर्यंत थांबू नये. ओसीडी म्हणजे नको असलेले विचार पुन्हापुन्हा येणं आणि त्यांची अस्वस्थता घालवायला त्याच त्याच कृती करत राहणं; संसर्गाच्या ओसीडीत विचार जंतूंचे किंवा घाणीचे असतात आणि कृती बहुधा धुण्याची. ज्याची किळस किंवा भीती वाटते त्याला ठरवून हात लावायचा आणि नंतर धुवायचं नाही, हा ईआरपीचा (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे सामना आणि प्रतिबंध) गाभा. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर या पद्धतीचा वापर नोंदवला, आणि आज ओसीडीवरच्या मानसोपचारांत सगळ्यात भक्कम पुरावा हिच्याच बाजूने आहे. अडचण एवढीच की ईआरपी या नावाने मिळणारी प्रत्येक थेरपी ईआरपी असतेच असं नाही.

चांगल्या थेरपिस्टची पारख पहिल्या भेटीतच होते. तो ओसीडीची तीव्रता मोजणारी वाय-बॉक्स ही प्रश्नावली भरून घेतो: दहा प्रश्न, ० ते ४० गुण. १६ ते २३ म्हणजे मध्यम, २४ ते ३१ तीव्र, त्यापुढे अतितीव्र. हा आकडा जपून ठेवा. थेरपी संपताना तो ३५ टक्के किंवा त्याहून जास्त उतरला तर उपचार लागू पडला असं धरतात. "नुसती स्वच्छतेची सवय आहे, मन जरा घट्ट कर" म्हणणाऱ्यांनाही हीच प्रश्नावली दाखवावी. दिवसाचे किती तास विचारांत जातात आणि किती धुण्यात, हे त्यात सरळ विचारलेलं असतं. आजाराच्या नावावर वाद घालता येतो, तासांवर घालणं अवघड जातं.

मग शिडी बनते. भीती वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ० ते १०० असा अस्वस्थतेचा आकडा द्यायचा आणि साधारण ३० ते ४० पासून सुरुवात करायची. समजा, बाहेरच्या दाराची कडी ४० वर आहे. आधी एका बोटाने स्पर्श. मग पूर्ण तळवा कडीवर टेकवून ठेवायचा. पुढच्या पायरीवर तोच हात शर्टाला, मोबाइलला, केसांना लावायचा, आणि शेवटी उशीला. ही शेवटची पायरी बऱ्याचदा गाळली जाते आणि तिथेच घोटाळा होतो, कारण घरात एक 'शुद्ध' कोपरा शिल्लक राहिला की आजार त्याच्या आडोशाने टिकून राहतो. एक सेशन ६० ते ९० मिनिटांचं, आणि एकूण १२ ते २० सेशन्स हा नेहमीचा आराखडा. रोजचा गृहपाठ केला नाही तर आठवड्यातून एकदाचं सेशन फारसं काही देत नाही.

सगळ्यात जास्त फसते ती प्रतिबंधाची, म्हणजे न धुण्याची, बाजू. कडीला हात लावला, पण मनात "घरी गेल्यावर धुईन" असं ठरलेलं असेल, तर तो सराव वाया गेला. टिश्यूने हळूच पुसणं, तो हात दिवसभर अंगापासून लांब धरणं, "काही होणार नाही" असं मनात घोकणं, ही सगळी धुण्याचीच रूपं. थेरपिस्टने यांबद्दल खोदून विचारलंच पाहिजे. त्याने स्वतःच "यात जंतू नाहीत हो" असा दिलासा दिला, किंवा कडीला हात असताना दीर्घ श्वास घ्यायला लावून अस्वस्थता उतरवली, तर दुसरा थेरपिस्ट शोधा. खात्री न मिळताही दिवस पुढे ढकलता येतो, हे मेंदूला शिकवायचं असतं. दिलासा नेमका तोच धडा पुसून टाकतो.

हात धुणं बंद होत नाही, त्याला नियम लागतात: जेवणाआधी, शौचाहून आल्यावर, हाताला दिसेल अशी घाण लागल्यावर. एकदाच, २० सेकंद, कोमट किंवा गार पाणी. कढत पाणी आणि वारंवार सॅनिटायझर यांनी त्वचा फुटते, चुरचुरते, आणि ती चुरचुरच पुन्हा "अजून काहीतरी लागलंय" अशी वाटू लागते. त्यामुळे हातांना मलम लावणं हाही उपचाराचा भाग समजावा.

आता घरचे. त्यांच्याकडून विश्वास मागू नका, एक कृती मागा. बहुतेक घरांत माणसं आजाराला नकळत मदत करत असतात: नळ उघडून देतात, सांगितलं की कपडे दारातच बदलतात, "स्वच्छ आहे ना?" या प्रश्नाला दहाव्यांदा "हो" म्हणतात. आजार न मानणाराही हे एक "हो" थांबवू शकतो. वाक्य आधीच ठरवून घ्यावं: "तुला त्रास होतोय हे दिसतंय, पण याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय." एका वेळी एकच मदत काढायची, आणि तीही आधी सांगून. चिडून एका रात्रीत सगळं बंद केलं तर भांडणं होतात आणि धुणं उलट वाढतं. मुद्दाम खरकटा हात लावून "बघ, काय झालं?" म्हणणं म्हणजे ईआरपी नव्हे, पायरी निवडायची ती रुग्णानेच. थेरपिस्ट घरच्यांना एका सेशनला बोलावत असेल तर ती सोय जरूर वापरा. ते आले नाहीत तरी थेरपी अडत नाही.

ऑनलाइन सेशन संसर्गाच्या ओसीडीला चांगलं मानवतं, कारण खरी शिडी घरातच असते: बाथरूम, कचऱ्याचा डबा, चपलांचा कोपरा. मोबाइल हातात धरून थेरपिस्टला तिथपर्यंत नेता येतं.

त्रास तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञ जोडीला एसएसआरआय गटातलं (नैराश्यावरही वापरलं जाणारं) औषध देतात. ओसीडीत डोस बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात घरातून "बघ, काही उपयोग नाही" असं ऐकू येईल, तेव्हा ही मुदत लक्षात असू द्या. बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम सोडू नका. साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात, आणि त्या काळात कडी ते उशी हा सराव अधूनमधून चालू ठेवायचा असतो.